बोट ठेवले की उजळते

जुलैच्या पहिल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये टँकरच्या खर्चावर सभा झाली आणि त्या सभेत मी तयार केलेला एक स्तंभालेख भिंतीवर दाखवला गेला. ऑक्टोबर ते जून या नऊ महिन्यांत सोसायटीने दहा हजार लिटरचे ६४८ टँकर विकत घेतले होते. त्यांपैकी १७२ ए विंगच्या टाकीत, ३०१ बी विंगच्या टाकीत आणि १७५ सी विंगच्या टाकीत रिकामे झाले होते. भिंतीवर तीन स्तंभ होते, मधला बाकीच्या दोघांच्या जवळजवळ पावणेदोनपट उंच होता, आणि त्यापुढे कोणाला काही समजावून सांगण्याची गरज उरली नाही. बी विंगने टँकरचे जास्त पैसे भरावेत असा ठराव मांडला गेला. बी विंगमधल्या एक आजी उठून म्हणाल्या, "अहो, आम्ही घरात दोघंच माणसं. आम्ही एवढं पाणी कुठे ओतणार?" त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून कोणीतरी पुन्हा त्याच उंच स्तंभाकडे हात केला.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात वीस वर्षे संख्याशास्त्र शिकवते आहे. आलेखातली बेरीज बरोबर होती, स्तंभांची उंची बरोबर होती, अक्षावरचे आकडे शून्यापासून सुरू होत होते. तरीही घरी परतताना मला अपराधी वाटत राहिले, कारण मी सभेपुढे असे चित्र ठेवले होते, ज्याला कोणी उलट प्रश्न विचारू शकत नव्हते. आजींचा प्रश्न रास्त होता आणि तो विचारण्यासाठी त्या आलेखात जागाच नव्हती. ठराव पंधरा दिवस पुढे ढकलावा अशी विनंती मी अध्यक्षांना केली आणि त्यांनी ती मानली.

आम्ही धायरीत राहतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे आणि त्यांतले सर्वांत जवळचे धरण आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. पण डोंगराच्या बाजूला वाढलेल्या वस्तीला नळाचे पाणी कमी पडते, दिवाळीनंतर बोअरवेल आटू लागते आणि मग टँकर सुरू होतात. प्रत्येक टँकरची नोंद गेटवरच्या केबिनमधल्या निळ्या पुठ्ठ्याच्या लांबट रजिस्टरमध्ये होते. प्रत्येक पानावर स्केलने आखलेल्या पेन्सिलीच्या उभ्या रेघा आहेत. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कोणती टाकी, टाकीत आधी किती पाणी होते आणि ड्रायव्हरची सही असे सहा रकाने आहेत. पाचव्या रकान्यासाठी वॉचमन काका दर वेळी टाकीचे झाकण उघडून खुणा केलेली काठी आत सोडतात, वर काढतात आणि ओल कुठवर आली आहे ते पाहून फूट लिहितात. टाकी आठ फूट खोल आहे. रात्री टॉर्चच्या उजेडात लिहिलेले आकडे थोडे वाकडे आहेत, काही पानांवर ओल्या बोटांचे डाग आहेत, पण एकही रकाना मोकळा सोडलेला नाही. नऊ महिने इतक्या निष्ठेने भरलेल्या या सहा रकान्यांपैकी माझ्या आलेखाने फक्त एक वापरला होता.

त्या रात्री मी सगळ्या ६४८ ओळी लॅपटॉपवर घेतल्या आणि एकाच पडद्यावर चार आलेख मांडले. पहिला विंगांचा, तोच सभेतला. दुसरा टँकर किती वाजता आला याचा, तासातासाच्या स्तंभांचा. तिसरा ठिपक्यांचा, ज्यात आडव्या अक्षावर तारीख होती, उभ्या अक्षावर टाकीत आधी असलेले पाणी होते आणि एक ठिपका म्हणजे एक टँकर होता. चौथा आठवड्याच्या वारांचा. हे चार आलेख वेगवेगळ्या कागदांवर काढले असते तर एकमेकांच्या शेजारी मुकाट बसून राहिले असते. पण जोडलेल्या आलेखांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका आलेखाचा काही भाग माऊसने निवडला की त्या भागातल्या नोंदी बाकीच्या सगळ्या आलेखांत त्याच क्षणी, त्याच रंगाने उजळतात. आपल्याकडे एखाद्या गोष्टीवर नेमके बोट ठेवणे असे म्हणतात. इथे खरोखरच एकीकडे बोट ठेवले की तीच गोष्ट चहूकडे दिसू लागते.

मी वेळेच्या आलेखात रात्री नऊनंतरचे स्तंभ निवडले. एकूण १६४ टँकर नारिंगी झाले. विंगांच्या आलेखाकडे पाहिले तर ए आणि सी यांच्या तळाशी नारिंगी रंगाची बारीकशी पट्टी होती आणि बीचा स्तंभ अर्ध्यापर्यंत नारिंगी झाला होता. त्या १६४ पैकी १५१ टँकर बी विंगच्या टाकीत गेले होते. निवड उलटी केली, म्हणजे फक्त दिवसाचे टँकर घेतले, तर ए १६५, बी १५० आणि सी १६९ असे स्तंभ उभे राहिले. दिवसाच्या हिशेबात बी विंग सर्वांत खाली होती. इतके दिसल्यावर मी पुन्हा रात्रीचे टँकर निवडले आणि ठिपक्यांच्या आलेखाकडे वळले. बाकीचे बहुतेक ठिपके खाली, एक-दोन फुटांच्या आसपास दाटीने पसरले होते, कारण टाकी तळाला गेल्याशिवाय टँकर कोणी मागवत नाही. नारिंगी ठिपक्यांतले मात्र तब्बल ११८ ठिपके वर, पाच फुटांच्या पुढे, एक वेगळा ढग करून बसले होते. तो ढग मी आधीही पाहिला होता आणि मोजमापातली चूक समजून सोडून दिला होता. आता त्याला वेळ मिळाली, विंग मिळाली आणि प्रश्नही मिळाला. निम्म्याहून जास्त भरलेल्या टाकीत रात्री टँकर का ओतला जात होता?

दुसऱ्या दिवशी रात्री मी लॅपटॉप घेऊन गेटवर गेले. रात्रपाळीचे काका लातूरकडचे आहेत, टँकरची वाट पाहण्यात त्यांचे बालपण गेले आहे, आणि पाण्याच्या बाबतीत ते आमच्या कोणाहीपेक्षा जास्त गंभीर आहेत. मी त्यांना वरचा ढग दाखवला आणि त्यातल्या एका ठिपक्यावर माऊस नेऊन त्याची तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर वाचून दाखवला. त्यांनी रजिस्टर उघडून ती ओळ शोधली, तिच्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "ताई, रात्री सी विंगसमोर गाड्या लागलेल्या असतात. टँकर आत वळत नाही. मग गेटजवळच्या बीच्या टाकीत सोडतो आणि पहाटे व्हॉल्व्ह उघडून सीला देतो. वहीत जिथे ओतला ती टाकी लिहितो, तसंच लिहायला सांगितलंय." त्यांनी केलेली नोंद अक्षर न् अक्षर खरी होती. ज्या रकान्याला आम्ही वापर समजलो होतो तो ओतण्याच्या जागेचा रकाना होता.

जोडलेल्या आलेखांनी उत्तर दिले असे मला म्हणायचे नाही, कारण उत्तर काकांनी दिले. आलेखांनी एवढेच केले की ६४८ ओळींतून ११८ ओळी वेगळ्या काढल्या आणि कोणाकडे जाऊन काय विचारायचे ते सांगितले. ते नसते तर मी काकांकडे गेले असते आणि "बी विंगला एवढे टँकर का लागतात?" असे विचारले असते. त्या प्रश्नाला त्यांच्याकडेही उत्तर नव्हते, आणि त्या प्रश्नात एक आरोप आधीच बसलेला होता.

या साऱ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे आणि ती मी वर्गात दर वर्षी फळ्यावर लिहिते. तक्त्यातली एक ओळ म्हणजे जगातली एक गोष्ट. ती एक रुग्ण असेल, एक झाड असेल, एक टँकर असेल. सरासरी काढली, गट पाडले, स्तंभ उभे केले की ती गोष्ट बेरजेत विरघळते आणि मग तिला हाक मारता येत नाही. जोडलेल्या आलेखांत प्रत्येक ओळ आपली ओळख सांभाळून प्रत्येक आलेखात हजर असते. एका आलेखात ती स्तंभाचा तुकडा असते, दुसऱ्यात ठिपका असते, तिसऱ्यात रेघ असते, पण ती तीच असते. संगणकाच्या बाजूने पाहिले तर पडद्यावरच्या प्रत्येक खुणेबरोबर ओळीचा क्रमांक जपला जातो, निवड म्हणजे त्या क्रमांकांची यादी असते, आणि ती यादी बदलली की सगळे आलेख स्वतःला पुन्हा रंगवतात. एवढ्या साध्या यंत्रणेतून इतकी ताकद येते याचे मला इतक्या वर्षांनंतरही नवल वाटते.

ही कल्पना माझ्या विद्यार्थ्यांना वाटते त्याहून जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रेषीय त्वरक केंद्रात जॉन टुकी, जेरोम फ्रीडमन आणि मेरी ॲन फिशरकेलर यांनी प्रिम-९ नावाची प्रणाली बांधली. कणभौतिकीच्या प्रयोगांतून येणाऱ्या नोंदींना अनेक मोजमापे असतात, आणि प्रिम-९ मध्ये नऊपर्यंत मोजमापे एकत्र घेऊन ठिपक्यांचा ढग पडद्यावर फिरवता येत असे, त्यातला एखादा भाग वेगळा काढता येत असे आणि बाकीचा झाकताही येत असे. चित्र काढणे, फिरवणे, वेगळे काढणे आणि झाकणे या चार क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले होते. ज्या काळात संगणकाशी बोलायचे म्हणजे कार्डांचा गठ्ठा देऊन छापील कागदाची वाट पाहायची, त्या काळात कोणीतरी आकड्यांचा ढग हाताने फिरवून पाहत होते. टुकी म्हणजे संगणकातल्या माहितीच्या सर्वांत लहान एककाला 'बिट' हा शब्द देणारे आणि आकड्यांचा पसारा एका चौकटीत दाखवणारा, शाळेच्या पुस्तकांतही पोहोचलेला बॉक्स प्लॉट देणारे संख्याशास्त्रज्ञ. शोधाच्या टप्प्यावरच्या विश्लेषणाला ते गुप्तहेराच्या कामाची उपमा देत.

आज आपण ज्या रूपात हे वापरतो ते रूप १९८७ साली बेल लॅब्जमधल्या रिचर्ड बेकर आणि विल्यम क्लीव्हलँड यांच्या शोधनिबंधाने रुळवले. त्यांनी अनेक मोजमापांच्या प्रत्येक जोडीचा एक असे ठिपक्यांचे आलेख चौकटीत मांडले आणि त्यांवर माऊसने हलवता येणारा एक आयत ठेवला. तो आयत एका आलेखावरून फिरवला की त्याच्याखाली येणारे ठिपके बाकीच्या आलेखांतही उठून दिसत. आयत रंगाच्या कुंचल्यासारखा फिरतो म्हणून त्यांनी या क्रियेला ब्रशिंग म्हटले. ठिपके उठावदार करणे, फक्त तेवढेच ठेवून बाकीचे लपवणे, ते काढून टाकणे आणि त्यांना नाव देणे अशा चार क्रिया त्यांनी सांगितल्या होत्या. माझ्या मते यांतली शेवटची सर्वांत मोलाची आहे. नाव दिल्याशिवाय ठिपक्याचा माणूस होत नाही.

वर्गात मी हे आयरिसच्या फुलांवर दाखवते. एडगर अँडरसन यांनी मोजलेली आणि रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली वापरलेली ही १५० फुले जगभरातले संख्याशास्त्राचे विद्यार्थी ओळखतात. तीन जातींची पन्नास-पन्नास फुले आहेत आणि प्रत्येक फुलाची चार मोजमापे आहेत, पाकळीची लांबी-रुंदी आणि निदलाची, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या दलाची, लांबी-रुंदी. पाकळ्यांच्या आलेखात दोन सेंटिमीटरपेक्षा आखूड पाकळ्यांचा एक घोळका कोपऱ्यात वेगळा असतो. तो निवडला की जातींच्या आलेखात सेटोसाचा स्तंभ पूर्ण उजळतो, पन्नासच्या पन्नास. मग पाकळ्यांच्याच आलेखातला मधला घोळका निवडायला सांगते. निदलांच्या आलेखात तो तिसऱ्या जातीच्या फुलांत असा मिसळलेला दिसतो की वेगळा काढता येत नाही. एका बाजूने पाहिल्यावर वेगळे असलेले दुसऱ्या बाजूने एकत्र असतात, हे वाक्य मी कितीही वेळा सांगितले तरी मुले वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. तेच स्वतः माऊस धरून पाहिले की वर्गात एक क्षण शांतता पसरते. त्या क्षणासाठी मी अजून शिकवते आहे.

संगणक येण्याआधीही माणसांना ही गरज जाणवली होतीच. मी विद्यार्थिनी असताना आमच्या एका सरांनी कपाटातून एक खोका काढून दाखवला होता. त्यात कडेला भोके असलेली कार्डे होती. प्रत्येक भोकाला एक अर्थ दिलेला असे आणि ज्या कार्डाला तो गुण लागू असेल त्याचे ते भोक कडेपर्यंत कापून खाच केली जाई. मग सगळा गठ्ठा सारखा करून त्या भोकातून लांब सुई घालायची आणि उचलायची. खाच असलेली कार्डे खाली गळून पडत, बाकीची सुईला लटकून राहत. सरांनी एक सुई घातली आणि टेबलावर कार्डांचा सडा पडला. त्या पडलेल्या कार्डांत त्यांनी दुसरी सुई घातली आणि त्यांतली मोजकीच पुन्हा खाली आली. आज पडद्यावर दोन निवडींचा छेद घेताना मला हटकून त्या कार्डांचा पडतानाचा आवाज आठवतो.

सुई आणि माऊस यांच्यात खरा फरक वेगाचा आहे, आणि हा फरक केवळ सोयीचा नाही. २०१४ साली झिचेंग लियू आणि जेफ्री हीर यांनी केलेल्या प्रयोगात प्रत्येक क्रियेनंतर अर्धा सेकंद जादा विलंब घातल्यावर लोकांनी कमी शोध घेतला आणि त्यांच्या निरीक्षणांची संख्याही घटली. अर्धा सेकंद म्हणजे पापणी एक-दोनदा लवण्याचा वेळ. पण हात हलतो आणि चित्र मागे राहते तेव्हा मनात अर्धवट उमललेला प्रश्न तिथेच मिटतो. म्हणून या सॉफ्टवेअरची सारी कारागिरी उत्तर पटकन देण्यात गुंतलेली असते. २०१२ साली क्रॉसफिल्टर नावाचे एक छोटे साधन मुक्तपणे उपलब्ध झाले. ते प्रत्येक रकाना आधीच चढत्या क्रमाने लावून ठेवते आणि निवडीचा आयत थोडासा सरकला तर सगळ्या ओळी पुन्हा मोजत बसत नाही, आयतात नव्याने आलेल्या आणि आयतातून बाहेर गेलेल्या ओळींचाच हिशेब बदलते. आपली वाण्याकडची जुनी खातेवही अशीच चालते. रोज सगळी बेरीज पुन्हा कोणी करत नाही, कालच्या बाकीत आजची उधारी मिळवली जाते.

आमच्या टँकरच्या गोष्टीत यानंतर एक अवघड वळण आले, आणि जोडणी या शब्दाचा खरा अर्थ मला तिथे समजला. सोसायटीत आणखी एक वही आहे. नळाला रोज किती वेळ पाणी आले त्याची नोंद तिच्यात मोटर चालवणारा माणूस करतो. पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी अनेकदा गुरुवारी पाणी बंद असते आणि शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने येते, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला तोंडपाठ आहे. पाणी बंद असलेले दिवस एका आलेखात निवडावेत आणि त्या दिवसांचे टँकर दुसऱ्या आलेखात उजळावेत अशी माझी इच्छा होती. पण इथे दोन तक्ते होते. एकातली ओळ म्हणजे एक टँकर, दुसऱ्यातली ओळ म्हणजे एक दिवस. ओळीचा क्रमांक आता उपयोगाचा नव्हता. दोघांत समान होती फक्त तारीख.

याच प्रकारच्या जोडणीसाठी ग्लू नावाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते हार्वर्डमधल्या खगोलशास्त्रज्ञांच्या गरजेतून उभे राहिले आणि त्याचे नावच डिंक असे आहे. आकाशातल्या वायूच्या एकाच ढगाचे एक चित्र एका दुर्बिणीतून आलेले असते, ताऱ्यांची यादी दुसरीकडून आलेली असते, आणि दोन्हींत समान असतात ती फक्त आकाशातली स्थाने. या फाइलमधला हा रकाना आणि त्या फाइलमधला तो रकाना एकच गोष्ट सांगतात, एवढे आपण ग्लूला सांगायचे. मग चित्रावर एखादा भाग वेढून घेतला की यादीतले त्या भागातले तारे उजळतात. निवड इथे क्रमांकांची यादी म्हणून न ठेवता अट म्हणून ठेवली जाते, म्हणून ती दुसऱ्या तक्त्यालाही लावता येते. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना रेडिओ लहरींतले आकाश टिपतात. तिथे दिसलेला स्रोत आणि साध्या प्रकाशात दिसलेली दीर्घिका एकच आहे का, हा प्रश्न त्याच जातीचा आहे. आमच्या दोन वह्यांचा प्रश्नही तोच होता, फक्त आकाश धायरीचे होते.

तारखेने जोडून मी गुरुवार निवडले आणि चित्र विसंगत आले. मध्यरात्रीनंतर आलेल्या टँकरांचे ठिपके काही आठवड्यांत गुरुवारबरोबर उजळत होते आणि काही आठवड्यांत शुक्रवारकडे जात होते. तास-दीड तास मी माझ्याच टायपिंगची चूक शोधत बसले. शेवटी गाडीचे नंबर बाजूला ठेवून अक्षर पाहिले. रात्रपाळी दोन काका आलटून पालटून करतात. एक जण रात्री पाऊण वाजता आलेला टँकर नव्या तारखेवर लिहितात, कारण घड्याळात बारा वाजून गेले. दुसरे तोच टँकर आदल्या तारखेवर लिहितात, कारण त्यांची ड्यूटी त्या तारखेला रात्री आठ वाजता सुरू झाली आहे आणि उजाडेपर्यंत त्यांच्यासाठी तो दिवस संपलेला नाही. दोघेही बरोबर होते. चूक तारीख हा शब्द दोन वह्यांत एकाच अर्थाने आला आहे असे गृहीत धरण्यात होती.

यावरचा उपाय मला आपल्या वेधशाळेने दाखवला. भारतीय हवामान विभाग दिवसाचा पाऊस मोजतो तो आदल्या दिवशीच्या सकाळी साडेआठपासून त्या दिवशीच्या सकाळी साडेआठपर्यंत. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा पावसाचा आकडा पेपरात वाचताना हे लक्षात ठेवावे लागते, नाहीतर रात्री पडलेला पाऊस भलत्याच तारखेवर गेल्यासारखा वाटतो. तिथे दिवस घड्याळाने ठरलेला नाही, मोजण्याच्या कामाने ठरलेला आहे. मी टँकरचा दिवस सकाळी सहाला सुरू होईल असे ठरवले, त्याप्रमाणे ज्या नोंदी हलवाव्या लागल्या त्या हलवल्या, आणि पुन्हा गुरुवार निवडले. या वेळी गुरुवारी संध्याकाळपासून शुक्रवारी पहाटेपर्यंतचे टँकर एका सलग पट्ट्यात उजळले.

इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. आजकाल जिथे पाहावे तिथे डॅशबोर्ड असतो. रंगीत चौकटींत आठ-दहा आलेख मांडलेले असतात आणि बहुतेक वेळा त्यांतला एकही दुसऱ्याला ओळखत नाही. वरच्या कोपऱ्यात महिना निवडण्याची पट्टी दिली म्हणजे जोडणी झाली असे मानले जाते. पण त्या पट्टीने फक्त बनवणाऱ्याने आधी ठरवलेलाच प्रश्न विचारता येतो. माझ्या आलेखातला वरचा ढग कोणत्याही पट्टीत नव्हता. तो पाहिल्यावर त्याच्याभोवती वेढा घालता आला पाहिजे, आणि वेढा घातल्यावर बाकीच्या आलेखांनी त्याची दखल घेतली पाहिजे. जिथे डोळा अडतो तिथेच हात पोहोचला पाहिजे, ही माझी कसोटी आहे. साधन फुकटचे असो की लाखांचे, मी प्रथम तेवढेच तपासते.

दुसऱ्या बाजूने, या साधनाचे जे भय मला वाटते तेही लिहिले पाहिजे. इतके सहज निवडता येते तेव्हा माणूस निवडतच जातो, आणि पुरेशा वेळा आयत फिरवला की कुठल्या तरी आलेखात काहीतरी उजळतेच. चार आलेखांत काही मिनिटांत शेकडो निवडी होतात आणि त्यांतली एखादी योगायोगानेही अर्थपूर्ण दिसू शकते. मलाही एका टप्प्यावर एका विशिष्ट गाडीचे टँकर नेहमी मंगळवारी येतात असे दिसले होते आणि मी अर्धा तास त्यामागची कथा रचत होते. टुकींनी शोध आणि पडताळणी ही दोन कामे वेगळी मानली ती याचसाठी. गुप्तहेर पुरावा गोळा करतो, निवाडा न्यायालयात होतो. रात्रीच्या टँकरांचा ढग मी सभेपुढे न्यायला तयार झाले, कारण काकांनी कारण सांगितले, व्हॉल्व्ह मी स्वतः पाहिला, आणि सलग तीन रात्री सी विंगसमोरच्या गाड्या मोजल्या. मंगळवारच्या गाडीसाठी माझ्याकडे यांतले काहीच नव्हते, म्हणून ती मी सोडून दिली.

पंधरा दिवसांनी पुन्हा सभा झाली. या वेळी मी आकडे सांगितले नाहीत. चार आलेख भिंतीवर टाकले आणि माऊस हातात ठेवून म्हटले की कोणालाही काही विचारायचे असेल तर भिंतीपाशी येऊन बोट ठेवा, मी तिथले निवडते. प्रथम कोणी उठेना. मग सी विंगमधला एक तरुण उठला आणि त्याने बीच्या उंच स्तंभावर बोट ठेवले. मी तो निवडला आणि रात्रीचे तास उजळले. त्यानंतर त्या आजी काठी टेकत पुढे आल्या, वरच्या ढगावर त्यांनी तळहातच ठेवला आणि विचारले, "हे सगळे वर कोण बसलेत?" त्यांच्या हाताच्या सावलीत अर्धा ढग झाकला गेला होता. मी तो वेढून घेतला, ११८ नोंदींची यादी बाजूला उघडली, आणि दाराशी उभ्या असलेल्या रात्रपाळीच्या काकांना ती समजावून सांगण्याची विनंती केली. काकांनी टोपी काढून हातात घेतली आणि गाड्यांचे, वळणाचे आणि व्हॉल्व्हचे सगळे सांगितले. त्यांना मध्ये कोणी थांबवले नाही.

ते ११८ टँकर सगळे सीच्या नावे धरले तर सी दोषी ठरेल अशी शंका लगेच आली, आणि ती यायलाच हवी होती. ए आणि बी विंगांत प्रत्येकी २८ फ्लॅट आहेत, सीमध्ये ४४ आहेत. तसे धरून फ्लॅटमागे भाग दिला तर तिन्ही विंगांत नऊ महिन्यांचे टँकर सहा ते पावणेसातच्या दरम्यान येतात. पण तो अंदाज आहे हे मी स्पष्ट सांगितले, कारण पहाटे व्हॉल्व्ह उघडल्यावर सीकडे नेमके किती पाणी गेले आणि बीच्या टाकीत किती राहिले ते कोणत्याच वहीत लिहिलेले नाही. जे लिहिलेले नाही त्यावर आयत फिरवता येत नाही. जादा पैशांचा ठराव मागे घेतला गेला, आणि रात्री नऊनंतर सी विंगच्या वळणावर गाडी लावायची नाही असे ठरले. ते पाळले जाते आहे की नाही हे पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या आलेखातले रात्रीचे स्तंभ सांगतील.

रजिस्टर संपत आले होते म्हणून मी लक्ष्मी रोडवरून नवे आणले, तसेच निळ्या पुठ्ठ्याचे, लांबट. काल संध्याकाळी केबिनमध्ये दोन्ही काका स्केल घेऊन रेघा आखत बसले होते. 'कोणती टाकी' या रकान्याच्या शेजारी त्यांनी 'कोणत्या विंगसाठी' असा एक नवा रकाना आखला. तारखेचा रकाना त्यांनी आपणहून थोडा रुंद केला होता, आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिले होते, "दिवस सकाळी ६ पासून".